पोटाला चिमटा घेऊन हिवाळा काढू नका

प्रिय ताई,

मी नाशिकला सिडकोत राहते. हे अंबडच्या एका कारखान्यात आहेत, सगळं कापून हातात ३४ हजार येतात. घराचा हप्ता साडेअकरा हजारांचा. मी घरीच शिवणकाम करते, ब्लाउज, फॉल-पिको, त्याचे एरवी सहा हजारांपर्यंत मिळतात. तुळशीचं लग्न झालं की काम वाढतं, मग महिन्याला चारेक हजार जास्त येतात. पण ते कुठे जातात ते कळत नाही. मोठी सातवीत, धाकटा तिसरीत. सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या, थंडीत त्यांचे गुडघे फार धरतात.

वर्षभर कसंबसं भागतं आणि डिसेंबर ते फेब्रुवारी गाडी घसरते. गेल्या वर्षी बचत गटातून १५ हजार उचलले, महिना दोन टक्क्यांनी. या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. आता पुन्हा तेच होणार याची धास्ती वाटते. गेल्या हिवाळ्यातला जादा खर्च वहीत पाहून लिहिते: हळदीकुंकू ३,८००, दोन लग्नांचे आहेर आणि गाडीभाडं ६,५००, मुलांची सहल आणि गॅदरिंग २,९००, डिंक-सुकामेवा २,६००, स्वेटर-शाली २,४००. विजेचं बिल दर महिन्याला सहाशेने वाढलं.

मी माझ्याकडून काटकसर करते. माझं सकाळचं दूध बंद केलंय. आंघोळ गार पाण्याने करते. भाजी संध्याकाळी उशिरा आणते. ह्यांना मात्र शॉवरशिवाय जमत नाही. हळदीकुंकू कमी करूया म्हटलं तर सासूबाई नाराज होतात. ह्यांचे एक सहकारी टॅक्स वाचवायला वर्षाला २५ हजारांची पॉलिसी घ्या म्हणून मागे लागलेत. सासूबाईंच्या खोलीसाठी रूम हीटर हप्त्यावर घ्यावा का, हेही सांगा.

तुमची एक वाचक


प्रिय मैत्रीण,

पत्रातले आकडे तुम्ही वही उघडून लिहिलेत, त्यामुळे मला अंदाजाने काही सांगावं लागणार नाही. पण आकड्यांच्या आधी दूध आणि गार पाण्याबद्दल बोलते, कारण पत्र वाचताना मी तिथेच थांबले होते.

तुमच्या वाट्याचं पाव लिटर दूध बंद करून महिन्याला फार तर साडेचारशे रुपये वाचतात. गार पाण्याच्या आंघोळीतून दीडशे-दोनशे. म्हणजे सहाशे-साडेसहाशे रुपयांसाठी तुम्ही दिवसभर मशीनवर बसणारं स्वतःचं शरीर झिजवताय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं, आणि आपलं राज्यही त्याला अपवाद नव्हतं. घरात ओढाताण सुरू झाली की पहिला घास बाईच्या ताटातून कमी होतो, आणि तिने तो आपणहून कमी केलेला असतो म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. उद्यापासून दूध सुरू करा आणि आंघोळ गरम पाण्याने करा. पुढे जे सांगणार आहे त्यात हे पैसे मी परत धरलेले आहेत.

आता तुमची यादी. पहिल्या पाच खर्चांची बेरीज १८,२०० होते. विजेचे तीन महिन्यांचे १,८०० धरले की बरोबर २० हजार. यात भाजी नाही, किराणा नाही, दूध नाही. म्हणजे थंडीने तुमचं रोजचं घर महाग झालेलं नाही. संक्रांत, गॅदरिंग, लग्नसराई हे सगळं दरवर्षी याच महिन्यांत येतं, तुम्हाला ते श्रावणातच माहीत असतं, तरी त्याची तरतूद मात्र डिसेंबरच्या पगारातून होते. एका पगाराला एवढा भार पेलत नाही, मग बचत गटाकडे जावं लागतं. १५ हजार, महिना दोन टक्के आणि दीड हजाराची परतफेड धरली तर दहा महिन्यांत व्याजच १,६५० रुपये गेलं.

आणि याच तीन महिन्यांत तुमच्या मशीनने १२ हजार जास्त कमावले. चार हजार गुणिले तीन. वीसातले बारा तुम्ही स्वतः मिळवले होते, पण ते ब्लाउजमागे दीडशे-दोनशे असे सुटे आले आणि दाराशी आलेल्या भाजीवाल्याला, रिक्षाला, मुलांच्या वह्यांना सुटेच गेले. हे पैसे कुठे जातात ते कळत नाही असं तुम्ही लिहिलंय. ते कळण्यासाठी ते आधी एका जागी जमायला हवेत. तुमच्या नावाचं बचत खातं असेलच, त्याचा क्यूआर कोड मशीनशेजारी लावा. गिऱ्हाइकाला तिथेच पैसे टाकायला सांगा. रोख आले तर वेगळ्या डब्यात ठेवून शनिवारी खात्यात भरा. महिन्याचे पहिले सहा हजार नेहमीप्रमाणे घरात द्या. त्यावरचा प्रत्येक रुपया हिवाळ्याच्या यादीसाठी, दुसऱ्या कशालाही नाही.

जाता जाता शिवणकामाचंच. लग्नसराईत 'उद्याच हवाय' म्हणून येणाऱ्या ब्लाउजचे तुम्ही जास्त घेता का? नसाल घेत तर सुरू करा. रात्री अकरापर्यंत बसून शिवलेल्या ब्लाउजची शिलाई नेहमीच्या ब्लाउजएवढी असू नये. अस्तराचं कापड आणि हूक आता एकदम घेऊन ठेवा, एकेका ब्लाउजसाठी दुकानात जाण्यात पैसाही जातो आणि वेळही.

विजेच्या बिलाकडे वळते. इथे थोडा हिशोब आहे, पण तो समजून घेतलात तर दर हिवाळ्यात उपयोगी पडेल.

थंडीत पंखे बंद असतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॉटचा धरला तर तीन पंखे आठ तास चालून रोज पावणेदोन युनिट घेतात, महिन्याचे पन्नासेक. म्हणजे हिवाळ्यात बिल खरं तर कमी व्हायला हवं. ते सहाशेने वाढलं, याचा अर्थ पंख्यांचे वाचलेले युनिट गीझरने खाल्ले आणि वर आणखी पन्नासेक घेतले. गीझर महिन्याला शंभर युनिटच्या आसपास चाललाय.

नळाचं पाणी सकाळी १८ अंशांना असेल, तर १८ लिटरची बादली आंघोळीजोगी, म्हणजे ४० अंश, करायला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे सव्वादोन-अडीच युनिट. तुमच्या घरात तर चारच जण गरम पाणी वापरतात, तरी रोज तीनच्या वर युनिट लागतात. कारण शॉवर. साधा शॉवर मिनिटाला सहा लिटर तरी पाणी सोडतो. दहा मिनिटं उभं राहिलं की ६० लिटर, म्हणजे तीन बादल्यांहून जास्त, आणि वीज दीड युनिट. यजमानांच्या एका आंघोळीत बाकी तिघांच्या आंघोळीइतकी वीज जाते. त्यांना हा आकडा दाखवा. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला युनिटचा हिशोब पटायला वेळ लागत नाही, आणि 'माझी बायको गार पाण्याने आंघोळ करते' हे त्यांना कदाचित माहीतही नसेल. तेही सांगा. तीन महिने त्यांनी बादली घ्यावी, शॉवर होळीनंतर.

गीझरचा काटा ७० वर असतो, तो ५० ते ५५ वर आणा. इतकं तापवून नंतर त्यात गार पाणी मिसळायचंच असेल तर जास्त तापवण्यात अर्थ नाही, आणि टाकी जितकी गरम तितकी तिची उष्णता बाहेर जास्त जाते. सगळ्यांनी एकामागून एक आंघोळ उरकायची आणि शेवटच्या आंघोळीच्या दहा मिनिटं आधीच बटण बंद करायचं, टाकीतलं पाणी पुरतं. सासूबाईंना सकाळी सातला न्हाणीघरात पाठवू नका. गच्चीवरची टाकी दिवस चढला की उन्हाने तापते, अकरा-बाराच्या सुमाराला नळाचं पाणी बरंच कोमट येतं. त्यात थोडंसं गरम घातलं की झालं. गुडघ्यांनाही ती वेळ मानवते.

एवढं केलं तर तुमची गरम पाण्याची बादली धरूनही महिन्याला पंचवीस-तीस युनिट कमी होतील. हे युनिट महत्त्वाचे आहेत, कारण आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. शंभरच्या पुढच्या युनिटला, वहन आकार धरून, शंभरच्या आतल्या युनिटच्या जवळजवळ दुप्पट पडतात. अनेकांना वाटतं की शंभराची रेघ ओलांडली की सगळेच युनिट महाग लागतात. तसं नाही, वरचेच तेवढे महाग लागतात. पण वाचवलेले युनिट नेहमी या वरच्या, महागड्या टप्प्यातलेच कमी होतात, म्हणून पंचवीस-तीस युनिटचेही साधारण तीनशे रुपये वाचतात. आणखी एक लहानसं काम करा. फ्रीजचा काटा उन्हाळ्यातल्या आकड्यावरच राहिलेला असतो, तो खाली आणा.

पाणी गॅसवर तापवणं स्वस्त पडतं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून पाण्यात उतरणारी उष्णता साधारण ११५ युनिट विजेइतकी असते. सिलिंडरच्या किमतीला ११५ ने भागा आणि येणारा आकडा तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून पाहा. वरच्या टप्प्यात गॅस थोडा स्वस्त निघतो. पण तिसरीतलं मूल घरात असताना कढत पाण्याचं पातेलं स्वयंपाकघरातून न्हाणीघरात नेणं मला पसंत नाही. बादलीत टाकायचा रॉडही नको. त्याने वीज वाचत नाही, पाणी तापायला लागते तेवढी लागतेच, आणि विजेच्या धक्क्याची भीती कायम.

आता स्वयंपाकघर. इथे मला तुम्हाला कमी खा असं सांगायचं नाहीच. महाराष्ट्रात ताजं आणि चांगलं खाणं सगळ्यात स्वस्त मिळतं ते याच दिवसांत. मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, फ्लॉवर, कोबी, गाजर, वाटाणा, पावटा, वालपापडी, तुरीच्या ओल्या शेंगा, सगळं एकदम बाजारात येतं. संध्याकाळी उशिरा जाऊन उरलेली भाजी आणण्यापेक्षा आठवड्याची एकदम आणा. जमेल तेव्हा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात जा, शेजारणीला बरोबर घेतलं तर रिक्षाचे पैसे वाटले जातात. ओला हरभरा आणि तुरीचे दाणे असतात तोवर आठवड्यातले दोन दिवस वरणाला सुट्टी द्या. सोलाण्याची आमटी, तुरीच्या दाण्यांची उसळ, भाकरी. डाळीचा डबा तेवढा जास्त दिवस पुरतो.

वाटाणा संक्रांतीच्या सुमाराला सर्वात उतरतो. शेंगांच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे कमी दाणे निघतात, हे धरून भाव करा. पाच किलो शेंगा घ्या, दुपारी सासूबाई आणि तुम्ही सोलायला बसा. उकळत्या पाण्यात चिमूटभर साखर घालून दाणे दोन मिनिटं टाका, लगेच गार पाण्यात काढा, कापडावर कोरडे करा आणि पिशव्या भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. मे महिन्यात वाटाणा मिळेनासा होतो तेव्हा हे उपयोगी पडतात. हरभऱ्याचा पाला निवडून सावलीत वाळवून ठेवता येतो, पावसाळ्यात डाळ घालून त्याची भाजी करा. लिंबं स्वस्त असतात, तेव्हाच लोणचं घालून टाका. एप्रिलमध्ये लिंबाला हात लावता येत नाही.

कांद्याचं मात्र नाशिककर असून अनेक जणी चुकतात. डिसेंबर-जानेवारीत भाव उतरला म्हणून गोणी आणून ठेवतात. हा लाल कांदा टिकत नाही, महिन्याभरात कोंब येतात, सडतो. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मेमधला. आत्ता पंधरा दिवसांपुरताच घ्या.

तुरीचं उलटं आहे. नवी तूर डिसेंबरच्या अखेरीपासून बाजारात यायला लागते, फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या डाळीची आवक चांगली असते. वर्षाची डाळ तेव्हा भरा, दर महिन्याला किलो-किलो आणू नका. तुमच्या घराला बारा-पंधरा किलो पुरावी. दोन दिवस ऊन द्या, एरंडेल तेलाचा हात फिरवा, कोरड्या डब्यात घट्ट भरा. गव्हाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये, मिरचीचा त्याच्या आसपास. म्हणून फेब्रुवारीत हातात थोडे पैसे शिल्लक असणं फार गरजेचं आहे. तेव्हा नसले तर वर्षभर किरकोळ भावाने घ्यावं लागतं. तूर मात्र उसन्या पैशांनी भरू नका, दोन टक्के व्याजात तिची सगळी स्वस्ताई संपून जाते.

सुकामेव्याचे २,६०० मला जास्त वाटले. डिंकाचे लाडू सासूबाईंसाठी जरूर करा, पण अर्धा किलो. पाच जणांनी येता-जाता खायचा तो पदार्थ नव्हे. मुलांना शेंगदाण्याचे आणि तिळाचे लाडू द्या. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, बदामापेक्षा कमी तर नाहीतच, जास्त आहेत. गुऱ्हाळं सुरू असल्याने नवा गूळ मिळतो. अळिवाचे लाडू स्वतःसाठी करा. अळिवात लोह भरपूर असतं, छटाकभर अळीव, एक नारळ आणि गूळ एवढ्यात आठवड्याचे लाडू होतात. बाजरीची भाकरी, तीळ लावून, रोज एक वेळ तरी. हे सगळं मिळून बाराशेत बसतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारची फळं-फुलं मंगळवारीच आणून ठेवा, बुधवारी संध्याकाळी भाव दुपटीला जातात.

स्वेटर यंदा फक्त मोठीला घ्या, एक माप मोठा. तिचा जुना धाकट्याला. शाली गेल्या वर्षी घेतल्या आहेत.

गॅदरिंगचा पोशाख तुम्ही घरीच शिवू शकता हे शाळेतल्या इतर आयांना कळू द्या. एकाच नाचातल्या आठ मुलींचे पोशाख तुमच्याकडे आले तर तुमचा खर्च राहतो बाजूला आणि कमाई होते. सहलीचे पैसे कापू नका. तीन महिन्यांनंतरही मुलं तिच्याबद्दल बोलत असतात.

आता हळदीकुंकू आणि सासूबाई. त्यांची नाराजी मला समजते. त्यांच्या वयाच्या बाईला घरी चार बायका येणं हा वर्षातला मानाचा दिवस असतो, आणि 'कमी करूया' हे शब्द 'तुमच्याकडे कुणी यायला नको' असे ऐकू येतात. म्हणून कमी करायचा विषय काढू नका. 'या वर्षीचं वाण तुम्ही ठरवा, आपल्याकडे दीड हजार आहेत' असं म्हणा, आणि पैसे आधी त्यांच्या हातात द्या. त्यांनी या घराचा संसार तुमच्या आधी चालवलाय, दीड हजारात चाळीस बायकांचं करायला त्या तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. तुमच्याकडे शिवणातल्या चिंध्या असतात, सुती तुकड्यांच्या भाजीच्या पिशव्या किंवा भाकरी ठेवायचे रुमाल वाण म्हणून छान होतील. प्लॅस्टिकच्या डब्यांसारखे ते माळ्यावर जात नाहीत. इमारतीतल्या तिघी-चौघींनी मिळून एकाच दिवशी, गच्चीवर, हळदीकुंकू केलं तर दूध, फुलं, तिळगूळ यांचा खर्च वाटला जातो. रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, तारीख सगळ्यांच्या सोयीने धरता येते. तुम्ही फक्त प्रस्ताव मांडा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

आहेराबद्दल सांगते. पौषात बहुतेक घरांत लग्नं काढत नाहीत, त्यामुळे मार्गशीर्ष संपताना एक आणि माघात एक, अशी गर्दी होते. यंदाच्या पत्रिका कोणाकडून येणार हे बहुतेक ठाऊक असतं. यजमानांबरोबर बसून नावं लिहा आणि समोर रक्कम लिहा, आत्ताच. मंडपात निघताना पाकिटात किती घालायचे हे ठरवायला बसलं की हात सैल सुटतो. सख्ख्या नात्यात हात आखडू नका. लांबच्या लग्नाला एकाने जावं, चौघांचं गाडीभाडं आहेरापेक्षा जास्त होतं.

पॉलिसीचं लवकर सांगते, कारण उत्तर सोपं आहे: नको. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर आयकर द्यावा लागत नाही. तुमचे यजमान त्याच्या निम्म्यातही नाहीत. जो कर लागतच नाही तो वाचवण्यासाठी वर्षाला २५ हजार कुठून आणायचे? त्यांनी कारखान्याच्या हिशोब विभागात फक्त एवढं विचारावं की त्यांची नोंद नव्या प्रणालीत आहे ना. विमा हवा तो कुटुंबाच्या आधारासाठी. बँकेतल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याला वर्षाला ४३६ रुपये लागतात आणि सुरक्षा विम्याला २०, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, दुसऱ्यातलं अपघातापुरतं. दोघांच्याही नावाने ते सुरू आहेत का बघा. घराचं कर्ज आहे म्हणून यजमानांनी साधा मुदतीचा विमाही घ्यावा, ज्यात पैसे परत मिळत नाहीत आणि म्हणूनच हप्ता कमी असतो. सहकाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणावं.

मी मांडलेल्या पद्धतीने यंदाची यादी बाराएक हजारांत येते, आणि ते तुमचं मशीन देतं. कुठे हजार-पाचशे इकडे-तिकडे झालं तरी बचत गटाचं दार वाजवावं लागणार नाही. आणि या महिन्यात तुमचा शेवटचा हप्ता गेला, ही पत्रातली सर्वात चांगली बातमी तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. गेले दहा महिने घर त्या दीड हजारांशिवाय चाललंय. ते पुन्हा घरखर्चात मिसळू देऊ नका. पगार होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशी बारा महिन्यांची आवर्ती ठेव बँकेत उघडा. पुढच्या डिसेंबरात १८ हजार आणि वर थोडं व्याज हातात येईल, म्हणजे गेल्या वर्षीची जवळजवळ सगळी यादी. तेव्हा मशीनच्या पैशांतून डाळ आणि गहू भरता येतील. इमारतीतल्या भिशीत टाकू का असं मनात येईल. भिशीत ओळखीची माणसं असतात हे खरं, पण एखादी अडचणीत आली आणि पैसे थकले तर दाद मागायला जागा नसते. हे पैसे बँकेतच ठेवा. खातं यजमानांपासून लपवू नका, त्यांनाही वही दाखवा. सगळा हिशोब एकट्या बाईच्या डोक्यात राहिला की काटछाटही तिच्या एकटीच्याच वाट्याला येते.

शेवटी रूम हीटर. दोन हजार वॉटचा हीटर रोज तीन तास लावला तर सहा युनिट, महिन्याचे १८० युनिट. गीझरवर तुम्ही जे वाचवणार त्याच्या सहापट, आणि सगळे वरच्या टप्प्यातले. वर हीटरचा हप्ता. त्यापेक्षा खोलीच्या खिडक्या पाच वाजताच लावून घ्या, दुपारचं ऊन आत अडकून राहतं. फरशीवर जुनी सतरंजी टाका, थंडी पायांतून चढते. त्यांच्या गादीवर आणि गादीखाली दोन्हीकडे गोधडी हवी. तुमच्याकडे मशीन आहे, सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या काढा, दोन दुपारी लागतील. झोपण्याआधी गुडघ्यांना गरम पाण्याची रबरी पिशवी, टॉवेलमध्ये गुंडाळून, पंधरा मिनिटं. पायमोजे रात्रीही. दिवसा गच्चीवर किंवा गॅलरीत उन्हात तासभर बसू द्या, वाटाणे तिथेच सोलता येतील. एवढं करूनही दुखणं कमी झालं नाही तर शाली-पिशव्यांवर न थांबता डॉक्टरांना दाखवा, तो खर्च कापायचा नाही.

आणि एक गोष्ट काही झालं तरी करू नका. कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव बंद खोलीत ठेवू नका, अर्धा तासही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दरवर्षी थंडीत याने माणसं जातात. गावाकडे न्हाणीच्या बंबाशेजारी बसायची सवय असलेल्या सासूबाईंना हे तुम्हीच समजावून सांगा, आणि गोधडी आधी शिवायला घ्या.

तुमची,
ताई